शांत घरातला ससा

नागरिकहो, ज्या घरात कोणाचीच तक्रार नसते, त्या घराचा कर्ता पुरुष फार सुखी असतो. आपला लिफ्टमेकॅनिक असा सुखी होऊन पुरते चार दिवस झाले होते.

पंचेचाळिसाव्या वर्षी त्याने दुसरं लग्न केलं. रविवारी नवी बायको सामानासकट राहायला आली. ती दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलापाशी नावं लिहायला बसायची, त्यामुळे घाबरलेल्या माणसांना "काही दुखत नाही हो" असं सांगायची तिला सवय होती. सोबत तिची नऊ वर्षांची छोटी, आणि छोटीच्या कडेवर एक करडा ससा. त्याचा एकच पाय पांढरा, म्हणून नाव मोजा.

घरात आधीपासून एक कुत्रा होता. नाव साहेब. अंगाने थोराड, स्वभावाने गरीब आणि नावाला जागून दुपारभर झोपणारा.

"ओळख करून देऊ," म्हणत मेकॅनिकने पहिल्याच दिवशी मोज्याला उचललं आणि साहेबांच्या पुढ्यात सतरंजीवर ठेवलं. साहेबांनी हुंगलं, चाटलं. मोजा जागचा हलला नाही. कान पाठीला चिकटवून, डोळे मोठे करून बसून राहिला.

"बघा! पळाला नाही, घाबरला नाही. पाच मिनिटांत दोस्ती!"

त्याने फोटो काढला आणि मेकॅनिकांच्या ग्रुपवर टाकला. एक्केचाळीस अंगठे आले. मग दोस्ती पक्की व्हावी म्हणून सशाचा पिंजरा हॉलमध्येच, साहेबांच्या गादीला खेटून ठेवला.

छोटी काही म्हणाली नाही. ती काहीच म्हणत नसे. भाजी कुठलीही चाले, पंखा कितीवरही चाले. फक्त शाळेतून आली की ती पिंजरा आणि कुत्रा यांच्या मधोमध दप्तर टाकायची आणि पिंजऱ्याला पाठ लावून बसायची. अभ्यासही तिथेच.

"किती गुणी आहे गं तुझी पोर," मेकॅनिक बायकोला म्हणाला. "माझ्या बहिणीची कार्टी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं."

"मी सांगूनच आणलंय तिला," बायको म्हणाली.

गुरुवारी सकाळी तो बुटाची नाडी बांधत होता, तेवढ्यात छोटी समोर येऊन उभी राहिली.

"काका, मोज्याने काल दुपारपासून काही खाल्लं नाही. शीसुद्धा केली नाही."

चार दिवसांत ती त्याच्याशी एवढं पहिल्यांदाच बोलली होती.

"रुसला असेल. एक दिवस नाही खाल्लं तर काय होतंय?"

"बरं," छोटी म्हणाली आणि परत पिंजऱ्यापाशी गेली.

ते "बरं" मेकॅनिकला दुसरी नाडी बांधून होईपर्यंत टोचत राहिलं. त्याने कामावर फोन करून सुट्टी टाकली. सशाला टोपलीत घातलं, मायलेकींना गाडीत बसवलं आणि प्राण्यांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरबाई वयाने मोठ्या, बोलायला फटकळ. त्यांनी मोज्याचं पोट चाचपलं, नळी लावून ऐकलं.

"पोट थांबलंय. ससा अर्धा दिवस उपाशी राहिला तरी धावत आणायचं असतं. घरात दुसरं जनावर आहे?"

"आहे ना! याचा जिवलग मित्र!" मेकॅनिकने उत्साहाने मोबाइल पुढे केला.

बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "हा फोटो कशाचा?"

"मैत्रीचा."

"मला वाटलं, ओलीस धरल्याचा."

मेकॅनिक हसला. बाई हसल्या नाहीत.

"अहो, ससा भ्याला की ओरडत नाही, दगड होतो. हललो की संपलो, एवढंच तो जन्मतः शिकून आलेला असतो. तुमचा कुत्रा कितीही सज्जन असू दे, हा एकदा पळाला की तो मागे धावणारच. त्यात त्या बिचाऱ्याचाही दोष नाही. आणि नुसत्या धसक्यानेही ससे दगावतात."

"पण किती शांत बसला होता हो!"

"गप्प बसला होता." बाई छोटीकडे वळल्या. "तुला कळत होतं ना, बाळ?"

छोटीने मान हलवली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"आई म्हणाली होती, नव्या घरात कुरकुर करायची नाही. नाहीतर आपण नकोसे होऊ."

बायको पर्सची चेन उघडझाक करू लागली. मेकॅनिक भिंतीवरचं मांजराच्या दातांचं चित्र असं पाहू लागला, जणू उद्या त्यावर परीक्षा होती. चार दिवस जो गुण म्हणून मिरवला, ती भीती होती! त्याच्याच घरात दोन जीव श्वास रोखून बसले होते, आणि तो फोटो काढत होता!

बाईंनी इंजेक्शन दिलं, सिरिंजने भरवायची लापशी दिली. "संध्याकाळपर्यंत शी झाली तर जिंकलो. नाही झाली तर परत या."

घरी आल्यावर मोज्याला मागच्या लहान खोलीत, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं. छोटी थेंबथेंब भरवत होती. मेकॅनिक तिच्यासमोर उकिडवा बसला.

"आता तू सांग. याला काय काय हवं?"

"काही नको."

"असं नाही चालायचं. मला निदान पाच तक्रारी पाहिजेत."

छोटीने सिरिंज पुन्हा भरली. "...हॉल नको."

"एक."

"लपायला खोकं हवं. दोन भोकांचं. एकीकडून कोणी आलं तर दुसरीकडून निघता येतं."

"दोन."

गाडी अकरापर्यंत गेली. अकरावी तक्रार होती, "तुम्ही फार मोठ्याने शिंकता." मेकॅनिकने तीही लिहून घेतली.

लिफ्टचा एक साधा नियम असतो. दार उघडं असेल तर ती जागची हलत नाही. त्याच नियमाने त्याने खोलीच्या दाराच्या आत, माणूस उभा राहील एवढी जागा सोडून, छातीएवढं जाळीचं फाटक बसवायला घेतलं. बाहेरचं दार लागल्याशिवाय आतलं फाटक उघडणार नाही, अशी कडी केली. हातोडी उचलली तेव्हा छोटी म्हणाली, "ठोकू नका, तो घाबरेल." ही बारावी. सगळं काम त्याने स्क्रू पिळून केलं.

पाच वाजून गेले. चहा कोणी घेतला नाही. आणि खोलीतून किंकाळी आली, "काका! केली! शी केली!"

तिघं जमिनीवर ओणवे झाले. सात गोळ्या! नागरिकहो, मोत्यांकडेही कोणी इतक्या कौतुकाने पाहिलं नसेल. बायकोला रडू फुटलं. "चुकलं गं माझं," ती छोटीला म्हणाली. "यापुढे कुरकुर करायची. भरपूर करायची."

मग खरी ओळख सुरू झाली, डॉक्टरबाईंच्या पद्धतीने. आधी नुसती एकमेकांच्या वासाची फडकी बदलली. पुढे साहेबांना दमेपर्यंत फिरवून, पट्टा बांधून जाळीबाहेर बसवलं. सशावरची नजर काढून घेतली की खाऊ. रोज पाचच मिनिटं. दोघांना एकटं सोडायचं नाही, आजही नाही आणि पाच वर्षांनीही नाही. दोन महिन्यांनी जाळीबाहेर साहेब घोरत होते आणि आत मोजा कुशीवर पसरून पाय ताणून पडला होता. सुखात असलेला ससा असा पडतो, हे मेकॅनिकला छोटीने शिकवलं.

परवा तो हातात गवताची जुडी घेऊन फाटकापाशी आला आणि बाहेरचं दार उघडंच राहिलं.

"काका! दार कोण लावणार? किती वेळा सांगायचं? लक्ष कुठे असतं तुमचं?"

"अगं, मोठ्यांशी असं बोलतात का?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"बोलू दे गं," मेकॅनिक म्हणाला आणि मुकाट्याने मागे जाऊन दार लावून आला. चेहरा मात्र बक्षीस मिळाल्यासारखा.

तर नागरिकहो, कुत्रा आणि ससा एका घरात जरूर नांदतील. मध्ये दार हवं आणि दारावर नजर ठेवणारं माणूस हवं. आणि घरात नव्याने आलेला जीव, चार पायांचा असो वा दोन, अगदीच गप्प असेल तर त्याचं कौतुक करत बसू नका. त्याच्यासमोर उकिडवे बसा आणि विचारा. तो भांडायला लागला की समजा, आता राहायला आला.