एकाच भावाचे नान

आमच्या बाजाराच्या मधोमध सीमा जाते. अलीकडे मी, किरगिझ. पलीकडे ओयदिन-ओपा, उझबेक; ओपा म्हणजे ताई. दोघीही नान विकतो. रोज सकाळी चहा पिता पिता भाव ठरवतो, दोघींचा एकच. नान थापायला मी शिकले ते ओपाच्याच हाताखाली. तिच्याशी कसली आलीय चढाओढ?

पण दोन्ही सरकारांच्या मनात आलं, बाजार एक तर धंद्यातल्या स्पर्धेचे नियमही एकच हवेत. दोन साहेब आले. आमचा म्हणाला, "दोघींनी मिळून भाव ठरवला तर गुन्हा." त्यांचा म्हणाला, "आमच्याकडे शेजाऱ्याचा धंदा बुडेल इतका भाव पाडला तर गुन्हा."

"मग मी करू तरी काय?" मी उखडलेच. "जुळवून घेतलं तरी मेले, पाडला तरी मेले!"

दुपारपर्यंत त्या दोघांचंच आपसात जमेना. शेवटी म्हणाले, तूर्तास तुमचं साटंलोटं नाही एवढं पटवून द्या. असेल, तर दोन्ही दुकानं बंद.

ओपाचा नवरा गेलेला, मुलगा रशियात. दुकान हेच तिचं सगळं. तेवढ्यात ओपाच कडाडली, "साटंलोटं? हिच्याशी? या भवानीचं मी तोंड बघत नाही!" आणि मला हळूच डोळा मारला.

मग काय, मीही बाह्या सरसावल्या. जन्मात पहिल्यांदा तिला अगं-तुगं केलं. "जा गं म्हातारे! तुझे नान खालून कोळसा, वरून कच्चे! कुत्रं हुंगणार नाही!"

लोक खो खो हसले. साहेब खूश झाले आणि पुलाव खायला गेले.

मी हसतच ओपाकडे धावले. ती हसत नव्हती. आपलाच एक नान घेऊन त्याची खालची बाजू बोटांनी चाचपत होती.

"बुरुल, कधीपासून?"

गेल्या हिवाळ्यापासून तिला नीट दिसत नव्हतं, नान करपायचे. अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं. मी गिऱ्हाइकं तिच्याकडे पाठवायची आणि वर तंबी द्यायची, करपलं म्हणून एक शब्द काढायचा नाही. आणि आज मीच बोलून बसले. जीभ झडो माझी.

"हिवाळ्यापासून," म्हटलं आणि मला रडूच फुटलं.

"मग सांगायचं नाही का गं, वेडे?"

"तुम्ही दुकान बंद केलं असतंत. मला करमलं असतं का?"

तिनं पिठाच्या बाहीनं माझे डोळे पुसले. "उद्यापासून पीठ मी मळते, थापायचं तू. तंदूर एकच पेटवू."

"आणि साहेब? दोन दुकानांचं एक केलं, तर तोही गुन्हा असेल त्यांच्याकडे."

"त्यांचं एकमत होईपर्यंत मी असेन का?" ओपा म्हणाली. "चल, पीठ काढ."