पाडव्याचं गाठोडं

दिवाळीच्या त्या आठ-दहा दिवसांत बयनाबाईचं चित्त काही थाऱ्यावर नव्हतं. भाजीत मीठ एकतर दोनदा पडे, नाहीतर पडतच नसे. कापूस वेचायला गेली की हातातलं बोंड हातातच राही आणि बाई आदिलाबादच्या वाटेकडं बघत उभी. मग पलीकडच्या ओळीतून सासूची, सोजरबाईची, हाक येई की वेचायले आली का पाखरं राखायले आली.

कारण एवढंच, की तिच्या नवऱ्याला, महिपतला, दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. महिपत हवाई दलात विमानाची इंजिनं खोलायचा न् बसवायचा. त्याचा तळ पार जामनगरकडं, समुद्राच्या काठी. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण सुट्ट्यांचे दिवस धरले तर नवराबायकोचा संसार पाच महिन्यांच्या वर गेला नव्हता. पाच वर्षांची सोनी बापाला 'फोटोतले बाबा' म्हणे. आता पत्र आलं होतं, की पंधरा नोव्हेंबरच्या आत कुटुंब आणलं नाही तर क्वार्टर दुसऱ्याला जाईल. महिपत गुरुवारी येणार आणि शुक्रवारी सकाळी घेऊन निघणार.

बयनाबाईच्या जाण्याला कोणाची ना नव्हती. नड होती सोनीची.

"तू जाय," सोजरबाईनं सांगून टाकलं होतं. "पोरगी राहील माझ्यापाशी."

तिथं समुद्र आहे, पोरगी बुडेल. डोक्यावरून दिवसभर विमानं जातात, पोरगी बहिरी होईल. आणि मुख्य म्हणजे वसंतपंचमीला सोनीला बासरला न्यायचं होतं, सरस्वतीपुढं पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला. त्यासाठी सोजरबाईनं हिरव्या खणाचं परकर-पोलकं शिवून घेऊन आपल्या पेटीत कुलपात ठेवलं होतं. दिवाळीलाही तिनं ते पोरीच्या अंगाला लागू दिलं नाही.

ही झाली बोलायची कारणं. खरं दुखणं निराळं होतं. त्याच महिन्यात, छप्पनच्या नोव्हेंबरात, हैदराबाद राज्य मोडलं. आदिलाबाद, आणि त्याबरोबर हे गाव, आंध्राकडं गेलं आणि किनवट, राजुरा मुंबई राज्याकडं. सोजरबाईचं माहेर पैनगंगेपल्याड किनवट तालुक्यात, एकुलती लेक राजुऱ्याला दिलेली. सासरे चंपतराव चावडीवरून पेपर वाचून आले आणि म्हणाले, घाबरायचं काय त्यात, नदी तीच न् वाट तीच. पण शहाण्या माणसानं तिथंच थांबावं की नाही! पुढं त्यांनी हेही सांगितलं, की महिपतचं जामनगरसुद्धा मुंबई राज्यातच गेलं.

सोजरबाईनं बोटांवर मोजलं. मग म्हणाली, "म्हंजे माहेर तिकडं, लेक तिकडं, पोरगा न् सून तिकडं. मी एकटीच काऊन इकडं?"

चंपतरावांनी पेपराची घडी घातली आणि ते बैलांना पाणी दाखवायला उठून गेले.

बयनाबाईला सासूचं दुखणं कळत होतं. पण कळलं म्हणून काय पोटची पोर काढून द्यायची? तिनं महिपतला लिहून विचारलं, तर त्यानं कळवलं, आई म्हणेल तसं करा. घ्या! विमानाचं इंजिन सुटं करून जोडणारा गडी, पण आईपुढं त्याची जीभ उचलत नव्हती. आता जे काय करायचं ते आपणच, हे बयनाबाईनं ओळखलं.

वाट तिला सासूनंच दाखवली. शुक्रवारी पश्चिमेला निघायचं म्हणजे दिशाशूळ, असं सोजरबाईनं काढलं. तेव्हा बयनाबाई अगदी गरिबासारखी म्हणाली, मग पाडव्याला प्रस्थान ठेवू, आत्याबाई. प्रस्थान म्हणजे चांगल्या मुहूर्तावर आपल्या कपड्यांचं गाठोडं शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. गाठोडं निघालं की माणूस निघालं. मग वाईट दिवशी पाय उचलला तरी बाधत नाही. मात्र ते गाठोडं परत घरी आणायचं नाही, आणि ज्याचा कपडा त्यात गेला त्याला मागं ठेवायचं नाही. सोजरबाईच सांगायची, कोण्या एकानं गाठोडं परत आणलं आणि पुढच्याच अमावस्येला त्याचा बैल मेला. त्यात बैलाचा काय गुन्हा, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

पाडव्याला सोजरबाईनं स्वतः गाठोडं बांधायला घेतलं. बयनाबाईचं एक लुगडं, चोळी, सुपारी, हळकुंड. "तुझ्या एकटीचं," असं बजावूनही झालं. ती कुंकवाचा करंडा आणायला आत वळली, तेवढ्यात बयनाबाईनं सोनीचा रोजचा पिवळा झगा लुगड्याच्या घडीत सारला आणि वरून गच्च गाठ मारली. गाठोडं शेजारच्या भागाबाईच्या घरी खुंटीला लागलं. बयनाबाईच्या लेखी पोरगी निघाली होती. शुक्रवारी सगळ्यांसमक्ष गाठोडं सोडायचं, मग बघू सासू आपला नेम आपल्याच हातानं कशी मोडते!

पण चोरी केली की जीव कुठं ठरतो? कधी विस्तव मागायला, कधी ताकाचा गडू परत द्यायला, दिवसातून तीनदा ती भागाबाईकडं जाई आणि खुंटीकडं बघून येई. सासू पोरीचा झगा शोधू लागली तर काय सांगायचं, याची उत्तरं ती चुलीपुढं जुळवत बसे. सासूनं मात्र झगा विचारलाच नाही. त्यानं तर तिचा घोर अधिकच वाढला.

मंगळवारी भागाबाई सहज बोलून गेली, "तुही सासू बी येऊन गेली वं काल. हळद मांगाले आली होती. मी आत जाऊन येईतवर इथंच बसली होती."

बयनाबाईनं खुंटीकडं मान वळवली. खुंटीवरची गाठ आपलीच की दुसरी, तिला ओळखू येईना. सोडून बघायची सोय नव्हती, प्रस्थान मध्येच सोडत नाहीत. घरी आली तर सोजरबाई सोनीला मांडीवर घेऊन तिच्या केसांत तेल जिरवत होती. ओरडली असती तर परवडलं असतं.

गुरुवारी महिपत आला. सोनी दिवसभर आजीच्या लुगड्यामागून त्याच्याकडं बघत राहिली. बयनाबाईनं त्याला काही सांगितलं नाही. सांगून तो काय दिवे लावणार होता!

शुक्रवारी सकाळी भागाबाईच्या दारात बैलगाडी जुंपून उभी होती. निघताना गाठोडं सोडून आतल्या कपड्यांना हळदकुंकू लावायची रीत. बयनाबाईनं गाठ सोडली. तिनं लुगड्याची घडी उलगडली.

झगा नव्हता.

पुन्हा चाचपलं. सुपारी, हळकुंड, चोळी. म्हातारीनं माझी पोरगी वाटेतून काढून घेतली, एवढंच तिच्या मनात आलं. सहा वर्षांत ज्या सासूपुढं मान वर केली नव्हती, तिच्यापुढं ती ताठ उभी राहिली.

"आत्याबाई, माह्या पोरीचा झगा कुठं हाये?"

महिपत आ वासून दोघींकडं बघू लागला. चंपतराव बैलाचं वेसण धरून उभे राहिले.

"चोळीखाली पाह्य," सोजरबाई म्हणाली.

चोळीखाली, अगदी तळाशी, हिरव्या खणाचं परकर-पोलकं होतं. बासरचं. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"जुनेर घालून कोनी परमुलखात जाते काय?" सोजरबाई जमिनीकडं बघत म्हणाली. "कपड्याच्या जागी कपडा ठेवला म्या. पस्तान मोडलं नाई. बासर नाई जमलं तं तिथंच पाटीवर श्री काढून देजा पोरीले."

बयनाबाईला रडू फुटलं. ती सासूच्या पायाशी वाकली, तर सोजरबाईनं पाय मागं घेतले आणि सोनीचा हात महिपतच्या हातात दिला. वेचणी तशीच पडली आहे, असं काहीसं पुटपुटत ती शेताकडं चालू लागली. गाडी हलेपर्यंतही थांबली नाही.

गाडीची वाट त्यांच्या शेतावरूनच जात होती. सोजरबाई कापसाच्या पऱ्हाटीत पाठमोरी उभी होती. चाकांचा आवाज ऐकूनही ती वळली नाही. फक्त तोंड पुसलं तिनं, तेही पदरानं नाही. कमरेला काही पिवळं खोचलेलं होतं, ते ओढून त्यानं पुसलं.

सोनी गाडीत उठून उभी राहिली. म्हणाली, "माय, आजीपाशी माहा झगा हाये."

"राहू दे," बयनाबाई म्हणाली. "तो आता आजीचा हाये."