बाहेर गेलेला बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे, आणि मला चर्चमध्ये परत नेण्याचा ठराव एकमताने पास झाला आहे. असा ठराव झालाच नाही, असं धरून पुढचं सांगतो.

सुताराने मला चार पाय दिले, पण ते वापरायची वेळ कधी आली नाही. माझ्यावर खजिनदारकाकांचं कुटुंब बसे. पाळकसाहेब दरवर्षी एक उपदेश हमखास करत: आपला देव स्वर्गात बसून राहिला नाही, माणूस होऊन माणसांत आला, तेव्हा तुम्हीही बाहेर जा. सगळे मनापासून आमेन म्हणत आणि आणखी रेलून बसत. माझी पाठ साक्षीला आहे.

मग चर्चचं रंगकाम निघालं आणि सगळे बाक बाहेर काढले. फाटकाच्या ओल्या रंगाला कुणी हात लावू नये म्हणून मला बाहेर फुटपाथवर आडवं लावलं. रंग वाळला, बाकीचे बाक आत गेले, मला विसरले. थोडक्यात, त्या उपदेशाचा परिणाम झालेला मंडळीतला मी एकटाच.

समोर दवाखाना आहे. भेटीच्या वेळेआधी नातेवाइकांना आत सोडत नाहीत, पायरीवर बसलं तर वॉचमन उठवतो. ते सगळे माझ्यावर बसू लागले. एक इस्त्रीवाली रोज यायची. नवरा आत, गुडघे दुखरे, मांडीवर डबा. चर्चमध्ये माझ्यावर बसून लोक देवाला 'सगळं ठीक आहे' म्हणायचे. इथे असं खोटं कुणी बोललं नाही.

एकदा पाळकसाहेब चपलेचा पट्टा लावायला टेकले. इस्त्रीवालीने पाव मोडून अर्धा त्यांच्यापुढे धरला.

"खा भाऊ. तुमचंही कोणी आत आहे का?"

पाळकसाहेबांनी वळून चर्चकडे पाहिलं. "माझे सगळे आतच आहेत. तीच तर पंचाईत आहे."

ते चर्चमध्ये पाव मोडून देतात तसं प्रभुभोजन होतं की नुसता पाव, यावर शिकलेल्यांनी खुशाल भांडावं. चुरा माझ्यावर पडला, एवढं मी सांगू शकतो.

इकडे खजिनदारकाकू प्लॅस्टिकच्या खुर्चीला कंटाळल्या आणि बाकाचा शोध सुरू झाला. रविवारी उपासना सुटल्यावर काका चार दणकट माणसं घेऊन आले.

"बाई, उठा. हा चर्चचा बाक आहे."

"मग मी कुठं बसू?"

"ते आमच्या हातात नाही."

ती उठली नाही. तेवढ्यात पाळकसाहेब झग्यासकट येऊन तिच्याशेजारी बसले.

"साहेब, ठरावावर तुमचीच सही आहे."

"आहे ना. घाबरून केली. आता उचला, आम्हां दोघांसकट."

चौघांनी जोर लावला. मीही लावला, खालच्या दिशेने. काकू हे सगळं बघत होत्या. त्या पुढे आल्या.

"सरका हो ताई जरा. कडेची जागा माझी आहे."

आणि बसल्या. काका अजून उभेच आहेत.

मित्रांनो, जुन्या बाकाची काळजी घ्या म्हणजे त्याला पुसून कुलपात ठेवा, असं नाही. त्याच्यावरून कुणाला उठवता, ते बघा.

तरी माननीय कमिटीस विनंती की, सदर बाक चर्चमध्ये नेण्याऐवजी चर्चच उचलून सदर बाकापाशी आणण्यात यावे. भिंती मागे राहिल्या तरी अर्जदाराची हरकत नाही.