कुंदनच्या त्रेसष्ट ओळी

मी एक परवाना आहे. दुकानाच्या भिंतीवर टांगतात तसला नव्हे. प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये पडून असतो अन् सहसा कोणी वाचत नाही, तसला. हा प्रोग्राम कोणी कसा वापरायचा, ते मी सांगतो.

अमरावतीच्या एका कॉलेजात गीतांजली आणि कुंदन संत्री निवडणाऱ्या मशीनचा प्रोग्राम लिहीत होते. कॅमेऱ्यानं फळ बघायचं, प्रोग्रामनं डागी फळ ओळखायचं. मशीन शेंदूरजनाघाटच्या एका व्यापाऱ्याला द्यायचं होतं. लायसन्स कोणतं लावायचं, एवढं विचारलं तरी गीतांजली बावरली. दार वाजलं तरी दचकणारी पोरगी ती. कुंदन म्हणाला, "सगळ्यात कडक लाव. नाही तं कोणी बी उचलून नेईन अन् आपल्यालेच विकीन."

म्हणून मी आलो. माझी अट अशी की सगळा कोड, म्हणजे प्रोग्रामची ओळन् ओळ, उघडा हवा. लपवलेला एक तुकडाही जोडून प्रोग्राम कोणाला द्यायचा नाही. या कडकपणाचा मला तोरा होता.

दिवाळीच्या सुटीत बार्शीटाकळीला घरी जाताना कुंदनच्या गाडीला ट्रकनं उडवलं. डाग ओळखणाऱ्या त्याच्या त्रेसष्ट ओळी तेवढ्या माझ्यापाशी राहिल्या.

मग कॅमेरा आला. तो चालवणारा ड्रायव्हर, म्हणजे छोटा प्रोग्राम, कंपनीचा, कुलूपबंद. आतला कोड कंपनी दाखवत नाही. माझ्या अटीत तो बसेना. मला बदलून नरम लायसन्स लावायचं तर लिहिणाऱ्या प्रत्येकाची संमती हवी. कुंदनची आता त्याच्या वडिलांनी, खुशालरावांनी द्यायची.

कॉलेजातल्या सरांनी गीतांजलीला सही आणायला पिटाळलं. ती दोनदा अकोल्यापर्यंत गेली आणि दोन्ही वेळा बार्शीटाकळीची गाडी न धरता बसस्टँडवरूनच परतली. पोरगा गेलेल्या बापासमोर कागद धरायचा कसा? शेवटी सर वैतागले. "सही जमत नसेल तर ओळीच काढून टाक. तो काही भांडायला येत नाही आता." लॅबमधले दोघंतिघं हसलेसुद्धा.

तिनं ओळी काढल्या, तेच काम करणाऱ्या आपल्या नव्या लिहिल्या आणि माझ्या जागी नरम लायसन्स ठेवलं. ड्रायव्हर आरामात येऊन बसला.

मशीन दाखवायच्या दिवशी सरांनी खुशालरावांनाही बोलावलं. इस्त्रीच्या सदऱ्यातला तो माणूस गीतांजलीपाशी येऊन हळूच म्हणाला, "माही सही पायजे होती म्हणे. कावून नाही आली बेटा? उभ्याउभ्या देली असती."

"गरज नाही पडली, काका."

त्यांनी मान हलवली. मग स्क्रीनकडे बघत विचारलं, "याच्यातलं आमच्या कुंदनचं कोणतं?"

गीतांजलीनं एका ओळीवर बोट टेकवलं. ओळ तिची स्वतःची होती.

खुशालरावांनी मोबाइलवर फोटो काढला. पुसट आला म्हणून पुन्हा काढला. मग फोन तिच्याच हातात देऊन म्हणाले, "समोरच दिसला पायजे, असा लावून दे." तिनं तो फोनच्या पडद्यावर लावून दिला.

मी आता जुन्या नोंदींत असतो. प्रोग्राममधला प्रत्येक बदल तारखेसकट तिथे जपलेला असतो, काढून टाकलेलंही. कुंदनच्या त्रेसष्ट ओळी, त्याच्या नावासकट, माझ्या शेजारीच आहेत. चार बटणं दाबली की दिसतात, हे गीतांजलीला त्या दिवशीही ठाऊक होतं.

मला परत लावू नका. पण खुशालरावांना एकदा बोलवा अन् ती नोंद उघडा. तोवर तो माणूस रोज सकाळी फोन हातात घेईल आणि परक्याच ओळीवरून बोट फिरवील.