उतरतीचा आलेख

मुलाखतीतला नमुना पाठ सुरू होता. सुग्रीवने पडद्यावर आलेख आणला आणि मागच्या बाकावर आपल्या पाळीची वाट बघणारी प्रियदर्शनी ताडकन सरळ बसली. आलेख तिचा होता. चकलांब्याच्या या पोरीने पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तीन वर्षं एकाच हिरव्या स्फटिकामागे घालवली होती. सहा टेस्ला चुंबकीय क्षेत्राजवळची ती बारीक खाच तिने झोपेतून उठवलं तरी ओळखली असती.

बीडच्या या कॉलेजात प्राध्यापकाची जागा एकच होती आणि सुग्रीव पुढच्या टेबलाशी मुलाखत घ्यायला बसलेल्या संस्थाध्यक्ष तानाजीआप्पांचा भाचा.

"या पदार्थात चुंबकी अणू त्रिकोणात बसलेले असतात," तो कागदात बघून वाचत होता. "प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचं असतं. दोघांचं जमतं, तिसरा अडकतो. चुंबकीय क्षेत्र वाढवत नेलं, की एका ठिकाणी सगळी मांडणीच बदलते. तीही निरपेक्ष शून्य तापमानाजवळ, उष्णतेच्या मदतीशिवाय. हे क्वांटम अवस्थांतर." त्याने खाचेवर काठी टेकवली. "ते इथं दिसतं."

वाक्यंसुद्धा तिच्याच प्रबंधातली. शेवटचं तेवढं त्याचं स्वतःचं, आणि तेच चूक. ती उठली.

"सर, क्षेत्र कमी करत आणलं तर ही खाच दिसते?"

"दिसणारच की."

"मग उतरतीचा आलेख दाखवा."

"तो... घेतलेला न्हाई."

"घेतलाय. मी घेतलाय! त्यात खाच नाही. खरं अवस्थांतर पुढं नऊ टेस्लाजवळ आहे, ते दोन्हीकडून दिसतं. सहाला माझा स्फटिक जागचा हलला होता, कारण तो चिकटवायला मी ग्रीस कमी लावलं होतं. तळटीपेत लिहिलंय तसं. तुम्ही माझी चूकसुद्धा उचललीत, फक्त टीप वाचायची राहिली."

वर्गातली पोरं खो-खो हसली. आप्पांनी टेबलावर हात आपटला.

"बाई, खाली बसा. तुमच्या लोकांला राखीव जागा असत्यात की. हितं कावून भांडायलाव?"

तज्ज्ञ म्हणून आलेले प्राध्यापक चहाच्या कपात बघत राहिले.

प्रियदर्शनीची कानशिलं तापली. "राखीव जागेचं मागून बोलू, आप्पा. आधी आलेख कुणाचा ते बोला."

"संपली तुमची मुलाखत."

"सुरूच कुठं झालीय?"

ती तडक कार्यालयात गेली, उभ्याउभ्या तक्रार लिहिली आणि बॅगेतले चढती-उतरतीचे दोन्ही आलेख जोडले. कारकून धोंडीरामने कागद मागे सारला.

"आप्पांला इचारल्याबगर घेता येत न्हाई, मॅडम."

"नका घेऊ. 'घेतला नाही' एवढं लिहून खाली सही करा."

धोंडीरामने पेन उचललं, ठेवलं, दाराकडे पाहिलं. सहीपेक्षा शिक्का बरा असं त्याला वाटलं असावं. त्याने आवक क्रमांक टाकला, पोच दिली. मग दोन्ही रेघांवर बोट फिरवत हळूच विचारलं, "यातली खोटी कोणची?"

"दोन्ही खऱ्या हायेत, काका. खोटं तिकडं बोलायलंय."

पोच हातात तशीच धरून ती परत वर्गात गेली. तिचा पाठ अजून व्हायचा होता.