पलीकडे निरंक

आरोग्य कार्यालयात आजारांची आकडेवारी ठेवणाऱ्या आकडेबाईंनी नकाशात नदीच्या अलीकडे अकरावा लाल ठिपका दिला आणि पेनला टोपण लावले. पलीकडचा काठ कोरा करकरीत होता.

अलीकडे शंभरातल्या त्र्याण्णव मुलांना गोवराची लस मिळाली होती, तरी वर्षात अकरा जणांना गोवर. पलीकडे लस जेमतेम साठांना, आणि आजाराच्या रकान्यात बाराही महिने एकच शब्द : निरंक. एकही रुग्ण नाही. इतके निर्मळ नशीब कुणाचे असते?

"लस कमी आणि आजारही नाही?" साहेब म्हणाले. "मग तिकडची लसीची फेरी पुढच्या वर्षावर ढकला. उद्या अहवाल द्या."

बाईंच्या घशाखाली ते उतरेना. त्यांनी पलीकडच्या दवाखान्यातल्या कारकुनाला फोन लावला.

"कुणी सांगितलंच नाही, तर लिहू काय?" तो म्हणाला. "नर्सची जागा दोन वर्षं रिकामी आहे, बाई. आणि रकाना मोकळा सोडला की वरून ओरडतात."

दुपारी त्या पुलावरून चालत निघाल्या. धुके अजून विरले नव्हते, ऊन पाणी घातलेल्या दुधासारखे पातळ होते. मध्यावर दोन्ही काठ दिसेनासे झाले. आपण कुठून आलो नि कुठे चाललो, हे क्षणभर त्या विसरल्याच, आणि ते विसरणे त्यांना फार बरे वाटले. पलीकडे थोरली बहीण राहायची. एवढे जवळ घर, पण वर्षभरात जाणे झाले नव्हते.

"आज कशी वाट चुकलीस?" ताईने दारातच टोमणा मारला.

खिडकीपाशी ताईची चार वर्षांची नात नाडीत बटणे ओवत बसली होती.

"हिला लस दिलीस?"

"नर्स असेल तर देणार ना! थंडीच्या सुरुवातीला गोवर येऊन गेला. अंगभर पुरळ, ताप, कानही वाहिले. गल्लीतल्या सगळ्याच पोरांना झाला."

"मग दवाखान्यात कळवलं नाहीस?"

"आला नि गेला. त्याची काय दवंडी पिटायची?"

ताईने बोटांवर पोरे मोजली. नऊ भरली. बाईंनी वहीत नऊ लिहिले आणि त्यांना हायसे वाटले. आता फेरी ढकलायची साहेबांची काय बिशाद!

"छकुले, इकडे ये ग," त्यांनी वही मिटत हाक मारली.

छकुलीने निळे बटण उचलले. बाई तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी जोरात टाळी वाजवली. बटण नाडीवरून सावकाश खाली घसरत गेले. छकुलीने मागे वळूनही पाहिले नाही.

"बघितलंस?" ताई हसत म्हणाली. "आजारातून उठल्यापासून नुसती लाडावलीये. कुणाचं म्हणून ऐकत नाही."

आकडेबाईंनी ताईचा हात धरला आणि तिला आपल्याजवळ खाली बसवले.