एका होडीचे दोन फोटो

राजनंदिनीला फोन विकायला फारसं जमायचं नाही, पण दोन फोन समोरासमोर ठेवून बोलायला लागली की गिऱ्हाईक जागचं हलायचं नाही. बोईसर स्टेशनाजवळच्या त्या दुकानात ती आधी नुसती काउंटरवर होती. मग शेठनी दुकानाचं यूट्यूब चॅनल काढलं आणि कॅमेऱ्यासमोर तिला उभं केलं. तिची रीत साधी होती. नवा आणि जुना, दोन्ही फोन घ्यायचे, एकाच जागी उभं राहून एकाच वेळी एकच गोष्ट टिपायची आणि बघणाऱ्यांना विचारायचं, आता तुम्हीच सांगा. पालघर, उमरोळीहून लोक यायचे आणि दारातूनच विचारायचे, "ती तुलनावाली मॅडम आहे का?"

तिचे वडील तारापूरच्या एका कापड कारखान्यात लागले तेव्हा घर साताऱ्याहून इकडे आलं होतं. समुद्राचं तिला अजूनही अप्रूप होतं. दुकानात रिपेअरिंगला बसणारा मिथुन मात्र समुद्राच्या काठावरच जन्मलेला, घिवलीचा. त्याचा बाप देवू अजून रोज होडी काढायचा. मिथुन सोल्डरिंग करता करता म्हणायचा, "माज्या बाबाला साठी उलटली, पन घरी बसायचं नाव नाय. बसला की कंबर दुखते म्हनतो."

दिवाळीच्या तोंडावर एका बड्या कंपनीचा यंदाचा सगळ्यात महागडा फोन आला. शेठना त्याचा गेल्या वर्षीच्या फोनाशी तुलनेचा व्हिडिओ हवा होता, तोही ऑफर सुरू व्हायच्या आत. दुकानातल्या दुकानात जे बघण्यासारखं होतं ते राजनंदिनीने दोन दिवसांत उरकलं. यंदाचा हाताला हलका, उन्हात पडदा जास्त उजळ, खेळ खेळताना कमी तापतो. बॅटरी मात्र दोघांची सारखीच. खरा फरक म्हणे दूरच्या फोटोत होता. गेल्या वर्षीचा फोन दूरचं ओढून आणायचा, पण चित्र फुटायचं, डाग डाग व्हायचे. यंदाचा त्या डागांवरून समोर काय असावं ते ओळखायचा आणि चित्र पुरं करून द्यायचा.

"दूरचं बघायचं तर आमच्याकडं चल," मिथुन म्हणाला. "समुद्राएवढं दूर कुठं दिसनार?"

संध्याकाळी दोघं घिवलीला गेले. पाऊस सरला होता, हवा स्वच्छ होती. एका स्टँडवर दोन्ही फोन शेजारी शेजारी लावून राजनंदिनीने आधी खडक टिपले, मग बांबूंवर वाळणारे बोंबील, मग बंदरात नांगरलेल्या मोठ्या बोटी. सूर्य खाली आला तेव्हा त्यांच्याही पलीकडे, दक्षिणेच्या अंगाला, एक छोटी होडी दिसली. नुसत्या डोळ्याला ती बोटभर होती.

मिथुनने डोळ्यांवर हात धरला. "बाबाची वाटते," तो म्हणाला. "परत यायला लागला वाटतं. बसलाय बघ मागं."

"थांब, तुला जवळून दाखवते," राजनंदिनी म्हणाली. तिने दोन्ही फोनांचा झूम शेवटपर्यंत ओढला आणि फोटो घेतले. यंदाच्या फोनावर क्षणभर काहीतरी गोळा झाल्यासारखं झालं आणि मग चित्र लख्ख उमटलं. होडीचा निळा पट्टा, काठावर बांधलेला टायर, मागच्या बाजूला रचलेल्या जाळ्याचा ढीग. जाळ्याची वीणसुद्धा मोजून घ्यावी अशी.

मिथुन वाकून बघत राहिला. "होडी बाबाचीच हाय. पन रिकामी हाय की."

"मग बसलेलं कोण दिसलं तुला?"

"जाळं दिसलं असंल." तो हसला. "नांगर टाकून दुसऱ्या कोनाच्या बोटीत चढला असंल. हे म्हातारे एकमेकांच्या बोटीवर चाय पीत बसतात. फोटो मात्र झ्याक आलाय. मला पाठव."

तिने तो तिथेच त्याला पाठवला. गेल्या वर्षीच्या फोनातला फोटो त्याने बघितला नाही, आणि तिनेही नाही. उजेड चालला होता, तिला शेवटची रिक्षा गाठायची होती. दोन्ही फोन खोक्यांत घालून ती बोईसरला निघाली. मिथुन मागे राहिला, घर तिथेच होतं.

अंधार पडला तरी देवू आला नाही. ज्या ज्या बोटीवर तो चहाला गेलेला असू शकत होता तिथे मिथुन विचारून आला. कोणीच त्याला पाहिलं नव्हतं. तेव्हा त्याने खिशातला फोन काढून गावाला फोटो दाखवला. चार जाणती माणसं त्या फोटोभोवती जमली. होडी देवूची, यात शंका नव्हती. होडीत माणूस नव्हता, यातही शंका नव्हती, इतकं ते चित्र स्वच्छ होतं. म्हणजे तो जाळी टाकायच्या जागीच, बाहेर खोल पाण्यात पडला असणार, आणि रिकामी होडी लाटांबरोबर किनाऱ्याकडे आली असणार. आता ओहोटीने ती पुन्हा कुठे नेली असेल, देव जाणे.

"होडी गेली तर जाऊ दे," गावातला सगळ्यात म्हातारा नाखवा, गोमा, म्हणाला. "मानूस शोधा. जाळी टाकतो तिकडं चला."

सगळ्या बोटी पश्चिमेला गेल्या. मिथुनची आई लाडकी किनाऱ्यावर बसून राहिली. ती एवढंच म्हणत होती, "तो पडनारा मानूस नाय."

सकाळी मिथुन कामावर आला नाही. फोनही उचलेना. काहीच ठाऊक नसलेली राजनंदिनी आदल्या दिवशीचे फोटो कॉम्प्युटरवर घेऊन जोड्या लावायला बसली. खडक, बोंबील, बोटी. मग होडी. डावीकडे गेल्या वर्षीचा फोन, उजवीकडे यंदाचा.

उजवीकडच्या होडीत जाळ्याचा ढीग होता. डावीकडच्या होडीत ढीग नव्हता. तिथे एक गढूळ डाग होता, मातकट आणि भगव्याच्या मधल्या रंगाचा, होडीच्या काठाला टेकलेला, आणि त्यातून एक बारीक रेघ वर गेलेली. तिने चित्र लहान केलं, मोठं केलं, पुन्हा लहान केलं. लहान केल्यावर ते जास्त कळत होतं. कोणीतरी काठाला रेलून पडलं होतं आणि त्याचा एक हात वर होता.

यंदाच्या फोनाला ते काय आहे हे नीट ओळखता आलं नव्हतं. होडीत काय असतं? जाळं असतं. म्हणून त्याने जाळं विणून दिलं होतं.

तिने पुन्हा मिथुनला फोन लावला. या वेळी त्याच्या चुलतबहिणीने, सपनाने, उचलला आणि रात्रीची हकिगत सांगितली. गेल्या वर्षीचा फोन घेऊन, शेठना न विचारता, राजनंदिनी रिक्षात बसली.

किनाऱ्यावर बायका बसल्या होत्या. मिथुन नुकताच बोटीतून उतरला होता, डोळे लाल. तिने फोन त्याच्यापुढे धरला. तो बघत राहिला. लाडकी उठून आली आणि तिने फोन हातात घेतला. तिने फोटो ना मोठा केला, ना लहान केला.

"हात हाय त्यो," ती म्हणाली. "हात वर केलाय. बोलवतोय."

"आये, नीट दिसत नाय ते," मिथुन म्हणाला.

"माजा मानूस हाय. तुला दिसत नसंल, मला दिसतंय. तो भगवा सदरा मीच काल दोरीवरनं काढून दिला त्याला." मग तिने विचारलं, "कोनत्या वक्ताला काढला हा?"

राजनंदिनीने सांगितलं, दिवस मावळताना, इथूनच. लाडकीने समुद्राकडे बघितलं, मग मिथुनकडे.

"तू इथं होतास?"

मिथुन वाळूत बसला.

गोमा नाखव्याने फोटो बघितला आणि पुढचं काही विचारलं नाही. देवू पडला नव्हता, होडीतच होता. तेव्हा आता माणूस नव्हे, होडीच शोधायची होती. रात्रीचा वारा आणि ओहोटी यांचा हिशेब करून त्याने बोटी दक्षिणेला वळवल्या. दुपारी सातपाटीच्या अलीकडे होडी सापडली. उलटली नव्हती, कुठे आपटलीही नव्हती. मजेत डुलत होती. देवू तिच्यात काठाला टेकून होता, भगव्या सदऱ्यात. पाण्याचा कॅन त्याच्या पायाशी, अर्धा भरलेला, उजव्या हाताच्या आवाक्याबाहेर.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, झटका आला होता. एक बाजू गेली असावी, म्हणून वल्हं धरता आलं नाही की इंजिनाची दोरी ओढता आली नाही. मिथुनने एकच प्रश्न विचारला. डॉक्टर म्हणाले, "निदान पहाटेपर्यंत तरी जिवंत असावेत."

हे लाडकीला कोणी सांगितलं नाही. पण गावात अशा गोष्टी झाकून राहत नाहीत.

राजनंदिनी दोन दिवस घरात पडून होती. आई विचारायची, तुझं काय नात्याचं होतं त्यात? तिने डोळे मिटले की जाळ्याची वीण दिसायची, एकेक गाठ, सुबक.

तिसऱ्या दिवशी सपनाचा फोन आला. तिचा आवाज तुटक होता. "तो व्हिडिओ काढून टाक आधी."

"कुठला व्हिडिओ?"

राजनंदिनी सुट्टीवर होती, ऑफर सुरू झाली होती आणि शेठ थांबणाऱ्यातले नव्हते. काउंटरवरच्या स्नेहाला त्यांनी व्हिडिओ करायला बसवलं होतं. राजनंदिनीने कॉम्प्युटरवर लावून ठेवलेल्या जोड्या तिने उचलल्या, त्यावर संगीत घातलं आणि व्हिडिओ चढवून दिला. कोणत्या होडीचा फोटो आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. राजनंदिनीने व्हिडिओ उघडला. होडी सगळ्यात शेवटी होती. खाली लोकांनी लिहिलं होतं. यंदाचा एकदम क्लिअर. जुन्याच्या लेन्सवर डाग आहे का? जुनेवाले में तो कचरा दिख रहा है भाई. घ्यायचा तर नवाच.

ती तशीच दुकानात गेली. शेठ गिऱ्हाईकाशी बोलत होते. तिने सगळ्यांसमोर सांगितलं की व्हिडिओ आत्ताच्या आत्ता काढून टाका.

"अगं, नाव कुठं आहे कोणाचं त्यात?" शेठ हलक्या आवाजात म्हणाले. "होडी आहे नुसती. मलाही वाईट वाटलंय. पण दिवाळी आहे."

"त्यात माणूस आहे, शेठ."

"नव्या फोटोत तर नाहीये."

तेवढं बोलून गेल्यावर त्यांच्याच लक्षात आलं की आपण काय बोललो. स्नेहा रडायला लागली. शेठनी व्हिडिओ काढून टाकला. संध्याकाळी होडीचा भाग वगळून तो परत चढला, आणि राजनंदिनीने त्याला हरकत घेतली नाही. काय म्हणून घेणार होती?

दहाव्याचे विधी झाल्यावर ती घिवलीला गेली. मिथुन दारात बसून जाळं सोडवत होता. कामावर कधी येतोस, असं तिने विचारलं नाही, तोच म्हणाला, "येनार नाय आता."

मग हातातलं न सोडता तो म्हणाला, "मी बघितला होता त्याला. तू झूम करायच्या आधी. मागं बसलाय, असं मीच बोललो होतो ना?"

"हो."

"माज्या डोळ्याला दिसला होता, नंदिनी. लहानपनापासून ओळखतो, किती लांबून पन ओळखतो. आनि मी त्या काचेत बघून बोललो, रिकामी हाय."

"मीच दाखवलं तुला ते."

"तू दाखवलंस. मानलं मी."

आतून लाडकी आली. काही दिवसांतच तिची कंबर वाकली होती. राजनंदिनी उठून उभी राहिली. तिने येताना वाक्यं जुळवून आणली होती. ती नुसतं "काकी" म्हणाली.

"बस," लाडकी म्हणाली. तिने पाणी दिलं, ती पिईपर्यंत थांबली, मग तांब्या परत घेतला. "तुजी चूक नाय पोरी. तू फोटो आनलास म्हनून तो सापडला तरी. नायतर मासळीनं खाल्ला असता. मी सगळ्यांना तेच सांगितलं."

राजनंदिनीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पन आता परत येव नको," लाडकी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तू दिसलीस की मला त्याचा हात दिसतो. आनि मग ह्याच्याकडं बघवत नाय मला." तिने हनुवटीने मिथुनकडे दाखवलं. "हा माजा एकलाच हाय आता. ह्याच्याकडं बघायला पायजे मला."

मिथुनने मान वर केली नाही. गाठ सुटत नव्हती, त्याने ती दाताने तोडली.

राजनंदिनी चपला घालून बाहेर पडली. रस्त्यावर बोईसरची रिक्षा भरत होती. कारखान्याच्या रात्रपाळीला निघालेल्या दोन माणसांनी सरकून तिला जागा दिली.